घरातले जुने कागद, मोडी आणि इतिहास संशोधक मंडळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि तालुक्या-तालुक्यांत त्याच धर्तीवर काम करणारी छोटी मंडळं यांच्याकडे लोक अनेक प्रश्न घेऊन येतात. मोडी वाचत असल्यामुळे मलाही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. ते इथे एकत्र केले आहेत. ही कुठल्या मंडळाची अधिकृत नियमावली नाही. नियम त्या त्या मंडळात विचारून घ्यावेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. इतिहास संशोधक मंडळ म्हणजे सरकारी खातं का?

नाही. ही लोकांनी उभी केलेली संस्था असते. वर्गणी, देणग्या, पुस्तकांची विक्री आणि मिळालं तर सरकारी अनुदान यांवर ती चालते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलं. सदाशिव पेठेतल्या त्या वास्तूत आज लाखो कागद, हजारो पोथ्या, नाणी, चित्रं आणि ताम्रपट आहेत, आणि यातलं बहुतेक लोकांच्या घरांतून आलेलं आहे.

आधी साधनं जमवा, ती छापा आणि मग इतिहास लिहा, हा राजवाड्यांचा आग्रह होता. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरचे पेटारे उघडायला लावून त्यांनी कागद मिळवले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे ती २२ खंडांपर्यंत गेली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह विखुरला जाऊ नये म्हणून दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघालं. पुण्यात दत्तो वामन पोतदार आणि ग. ह. खरे यांनी हेच काम कित्येक दशकं पुढे नेलं. एखादं मंडळ शंभर वर्षं टिकतं, ते अशा माणसांमुळे.

२. मग पुराभिलेखागार वेगळं का? मी नेमकं कुठे जाऊ?

पुराभिलेखागार सरकारी असतं आणि तिथे मुख्यतः राज्यकारभाराचं दप्तर असतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे कोट्यवधी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तरी दफ्तराचा मोठा भाग अजून कोणी वाचलेला नाही. राज्य पुराभिलेख विभागाची कार्यालयं मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही आहेत.

ढोबळ नियम असा : महसूल, इनाम, सैन्य, पागा, किल्ले यांबद्दल शोधत असाल तर पुराभिलेखागार. एखाद्या घराण्याचा पत्रव्यवहार, पोथी, शकावली (सालवार घटनांची नोंद), महजर (सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद) हवा असेल तर आधी मंडळ. पुष्कळदा दोन्हीकडे जावं लागतं.

३. मी इतिहासाचा पदवीधर नाही. मला आत घेतील का?

हो. ओळखपत्र, अर्ज आणि काय शोधताय याचं दोन ओळींत उत्तर एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. मात्र 'आमच्या गावाचं काही असेल तर दाखवा' असं म्हणून गेलात तर हात हलवत परत याल. गावाचं जुनं नाव, परगणा किंवा तर्फ (कारभारासाठी केलेले गावांचे जुने विभाग), साधारण काळ आणि घराण्याचं आडनाव एवढं लिहून न्या. मावळातली गावं खोऱ्यांच्या नावांनी नोंदलेली सापडतात, हेही लक्षात ठेवा.

४. वाडा पाडताना ट्रंकेत मोडी कागद सापडलेत. पहिलं काय करू?

काही करू नका, हे पहिलं. उन्हात पसरू नका, झटकू नका, इस्त्री फिरवू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. आणि लॅमिनेशन तर कधीच नको. लॅमिनेशन केलेला कागद आतल्या आत कुजतो आणि पुन्हा बाहेर काढता येत नाही. हौसेनं लॅमिनेट केलेल्या सनदा पाहिल्या की जीव तुटतो, कारण घरच्यांनी ते प्रेमापोटीच केलेलं असतं.

त्यानंतरचं महत्त्वाचं काम म्हणजे क्रम न मोडणं. जुन्या माणसांनी कागद उगाच एकत्र बांधलेले नसतात. एका रुमालात एका तंट्याचे सगळे कागद असतात, किंवा एका माणसाच्या हयातीतले. 'चांगले' वाटणारे, शिक्के असलेले कागद वेगळे काढून बाकीचे एका पिशवीत कोंबले की त्यांची संगती जाते. एकटा शिक्क्याचा कागद अर्धाच बोलतो. गठ्ठे जसे आहेत तसे ठेवा, प्रत्येकावर चिठ्ठी घाला (कागदावर पेननं लिहू नका) आणि ट्रंकेत कोणता गठ्ठा वर होता, कोणता खाली, याचा फोटो काढा.

मांजरपाटाचं धुतलेलं, खळ नसलेलं कापड घेऊन त्यात गठ्ठे सैल बांधा. वेखंडाची पुरचुंडी कापडाबाहेर ठेवा. टाचण्या गंजलेल्या असतील आणि सहज निघत असतील तर काढा. ओढून काढाव्या लागत असतील तर राहू द्या. लांब कागद खळीनं एकाखाली एक चिकटवलेले असतात. हे जोड सुटले असतील तर कुठला तुकडा कुठल्याला लागतो ते लिहून ठेवा. जोडावर पाठीमागे शिक्का असेल तर तो दोन्ही तुकड्यांवर अर्धा अर्धा उमटलेला दिसेल. मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून ती व्यवस्था होती.

५. कागद भिजलेत किंवा कसर लागली आहे. आता?

भिजलेले कागद एकमेकांपासून सोडवायची घाई करू नका. ओला कागद बोटाला चिकटून येतो. गठ्ठा सपाट जागी ठेवा, अधूनमधून टिपकागद घालून तो बदलत राहा, पंखा दुरून लावा. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावा आणि तो गठ्ठा बाकीच्यांपासून लांब ठेवा. कसरीसाठी फवारे मारू नका. आधी मंडळाला किंवा पुराभिलेखागाराला फोन करा.

पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी कागद तळमजल्यावर ठेवूच नयेत. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांत तिथे पाणी शिरलं आणि जुन्या ग्रंथांचं मोठं नुकसान झालं. एवढ्या जागरूक संस्थेची ही गत होते, तर घरातल्या ट्रंकेचा विचार आधीच केलेला बरा.

६. मोबाइलनं फोटो काढले तर चालतील का?

चालतील, नीट काढले तर. खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या, फ्लॅश बंद. मोबाइल कागदाला समांतर धरा. प्रत्येक कागदाची मागची बाजूही घ्या, कोरी दिसली तरी. शेरे, 'सूद', 'बार' अशा कारकुनी नोंदी आणि शिक्के बरेचदा पाठीवरच असतात. बाजूला पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. लांब कागदाचे फोटो घेताना प्रत्येक फोटोत आधीच्या दोन-तीन ओळी येऊ द्या. मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षर फुटतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

७. फोटो पाठवतो, वाचून द्याल का? पैसे किती?

एखादा कागद कशाबद्दल आहे हे बहुतेक मोडी वाचक आनंदानं सांगतात. पूर्ण लिप्यंतर हे मात्र मेहनतीचं काम आहे. एका दाट पानाला कधी कधी अख्खा दिवस जातो, तेव्हा मानधन ठरवून घ्यावं. दर माणसागणिक आणि कागदागणिक बदलतात. लिप्यंतर म्हणजे मोडीतला मजकूर देवनागरीत आणणं. अर्थ लावणं हे त्यापुढचं काम. कोणतं हवंय ते आधी स्पष्ट करा.

८. मोडी मलाच शिकायची आहे. जमेल का? ॲप नाही का?

जमेल. पुराभिलेख विभाग आणि अनेक मंडळं अधूनमधून वर्ग घेतात. मुळाक्षरं आठ-दहा दिवसांत येतात. पण त्यानंतर खरा अभ्यास सुरू होतो. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला लटकवत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, विरामचिन्हं नसतात. त्यात संक्षेप : 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'सु॥' म्हणजे शुहूर सन (क्र. ९ पाहा), 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पेशवाईतलं वळणदार अक्षर लवकर हाती लागतं. शिवकाळातलं वळण आणि इंग्रजी अमदानीतली घाईची मोडी जास्त दमवतात.

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे ती आता टाइप करता येते. हातानं लिहिलेली मोडी यंत्रानं वाचण्याचे प्रयत्नही चालू आहेत, पण हक्काच्या किंवा संशोधनाच्या कामात आज तरी त्यावर विसंबू नये. रोज अर्धा तास, शक्यतो लिप्यंतर छापलेल्या कागदाशी मूळ कागद ताडून वाचा. त्याला पर्याय नाही.

९. कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलंय. ही तारीख आहे का?

हो, हा शुहूर सन. मराठी दप्तरात तो अरबी संख्याशब्दांत, एककापासून सुरू करून लिहितात. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. दोन आकडे अशासाठी, की हे वर्ष मृगाला, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, बदलतं. त्या काळी हे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला होई. म्हणजे ११६१ चा कागद साधारण मे-जून १७६० ते मे-जून १७६१ मधला. पानिपतचा संग्राम याच वर्षातला, १४ जानेवारी १७६१ चा.

महसुलाच्या कामी वापरला जाणारा फसली सनही मृगालाच बदलतो. दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शकात ७८ किंवा ७९. महिना मुसलमानी असेल आणि आकड्याआधी 'छ' असेल, तर ती चंद्राची तारीख. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, राज्याभिषेक शकही कागदांवर येतो.

पडताळणीची एक सोपी युक्ती आहे. शकात १२ मिळवा आणि ६० नं भागा. जी बाकी उरते तो संवत्सराचा, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या नाव असलेल्या वर्षाचा, क्रमांक. शके १६८२ + १२ = १६९४, बाकी १४, आणि चौदावा संवत्सर विक्रम. पानिपतच्या साली शके १६८२, विक्रमनाम संवत्सरच होता. कागदावरचा शक आणि संवत्सर जुळत नसतील तर थांबा आणि पुढे क्र. १३ वाचा.

१०. कागद मंडळाला द्यावेत की घरी ठेवावेत? दिले तर परत मिळतात का? विकत घेतात का?

तीन मार्ग आहेत. एक, फक्त छायांकन करून घ्यायचं आणि मूळ कागद घरी. दोन, ठेव म्हणून द्यायचे, अटी लिहून. तीन, कायमचं दान. पहिल्या मार्गानं सुरुवात करा असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यात घराचं काही जात नाही आणि मजकूर टिकतो. पण पुढच्या पिढीत सांभाळणारं कोणी दिसत नसेल, मुलं गावात राहत नसतील, घर बंद असेल, तर दान करा आणि लवकर करा.

देताना कागदांची यादी, प्रत्येकाचा फोटो, मंडळाची सही-शिक्क्याची पोच आणि अटी हे सगळं लेखी घ्या. तोंडी विश्वासावर देऊ नका, समोर कितीही मोठा अभ्यासक असो. अभ्यासासाठी म्हणून नेलेले आणि परत न आलेले कागद हे गावोगावचं जुनं दुखणं आहे. लोक आज दार उघडत नाहीत त्यामागे तेच कारण असतं.

विकत घेणं मंडळांच्या आवाक्यात सहसा नसतं. बाहेर विकायचे असतील तर कायदा पाहा. १९७२ च्या पुरावशेष व कलावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तू येतात आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी मर्यादा ७५ वर्षं आहे. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

११. आमच्याकडे सरदार-बिरदार कोणी नव्हतं. नुसत्या हिशेबाच्या वह्या आहेत. फेकून देऊ?

कृपा करून फेकू नका. छत्रपती आणि पेशवे यांच्या पत्रांवर शंभर वर्षं काम झालंय. दुकानदाराची रोजकीर्द, सावकाराची खतं, लग्नाच्या खर्चाची यादी, बलुत्यांना दिलेल्या धान्याचं टिपण यांवर त्या मानानं फार थोडं. एखाद्या गावात दुष्काळाच्या सालात जोंधळा काय भावानं गेला, गावातल्या कुणाकडे किती बैल उरले, प्लेगात घरं किती दिवस ओस होती, हे बखरीत येत नाही. ते वहीत असतं. एकाच पेढीच्या सलग वीस-तीस वर्षांच्या वह्या हाती लागल्या तर मी त्या एखाद्या सुट्या राजपत्राच्या आधी वाचायला घेईन.

शाळेची जुनी रजिस्टरं, भजनी मंडळाच्या वह्या, तमाशाच्या फडाचे हिशेब, गिरणी कामगारांची गावाकडे आलेली पत्रं, हेही यातच धरा. ज्यांच्या घरी लिहायची परंपराच नव्हती त्यांच्यासाठी क्र. २० पाहा.

१२. बखरीत स्पष्ट लिहिलेलं असताना तुम्ही लोक ते का मानत नाही?

मानत नाही असं नाही, तोलून घेतो. बखर घटनेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली कथा असते. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दीड दशकाच्या आसपासची आणि जवळच्या माणसाची, म्हणून तिचं वजन जास्त. शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या बखरींचं त्याहून कमी. पत्र, हिशेब, निवाडा हे त्या त्या दिवशीचं काम भागवण्यासाठी लिहिलेले असतात, म्हणून ते आधी.

याचं सर्वांत मोठं उदाहरण महाराजांच्या जन्मतिथीचं. बखरींवरून शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, हे साल रूढ होतं. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा नोंदलेला होता. क्र. ९ मधली रीत लावून पाहा : १५५१ + १२ = १५६३, बाकी ३, तिसरा संवत्सर शुक्ल; शकावलीतही शुक्ल संवत्सरच आहे. तरी एका कागदावर कोणी निकाल दिला नाही. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी मिळाली, राजस्थानात सापडलेल्या कुंडलीनंही तिला दुजोरा दिला, आणि वाद होत होत १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अभ्यासकांत स्थिरावली. महाराष्ट्र शासनानं ती २००१ मध्ये स्वीकारली.

एका देशमुखी घरानं काही पानं पिढ्यानपिढ्या सांभाळली, म्हणून हे घडलं. 'आमच्या कागदांत काय असणार' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी कारीचं नाव सांगतो.

१३. कागद खरा की बनावट, कसं ओळखायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. नक्कल म्हणजे बनावट नव्हे. जुन्या काळीही असल कागदाच्या प्रती होत आणि त्यांना तालीक म्हणत. १८५२ नंतर इनामांची तपासणी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करण्यासाठी लोकांनी ढीगभर नकला केल्या. अशी नक्कल एकोणिसाव्या शतकाच्या कागदावर असणारच, पण मजकूर जुना आणि खरा असू शकतो.

संशय येतो तो असा : शक, सन आणि संवत्सर एकमेकांशी जुळत नाहीत, ज्याच्या नावानं पत्र आहे तो त्या तारखेला हयातच नव्हता, कागदात गिरणीचा जलचिन्हांकित शिक्का आहे आणि तारीख सतराव्या शतकातली, मायना (पत्राच्या आरंभीचं संबोधन) त्या अधिकाऱ्याला शोभणारा नाही, मजकूर संपला तिथे मोर्तब (समाप्तीचा शिक्का) नाही. शिवाजी महाराजांच्या पत्राला आरंभी मुद्रा असते आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. अशा खुणांवरून अंदाज बांधता येतो. निकाल मात्र मूळ कागद हातात घेऊन, जाणकारांनीच द्यावा. फोटोवरून 'अस्सल' असं लिहून मागू नका.

बनावट कागदही फेकायचा नाही. कोणी, कधी, कोणत्या वतनासाठी तो केला, हाही त्या गावाचा इतिहासच.

१४. आमच्या मारुतीच्या देवळामागे कोरीव दगड पडलेत. वीरगळ आहेत म्हणे. उचलून नीट बसवू का?

जागेवरून हलवण्याआधी नोंद करा : फोटो, मापं, तोंड कोणत्या दिशेला होतं, शेजारी काय होतं. वीरगळावर खालून वर वाचत जायचं. तळाला लढाई किंवा मरण, मग अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवपूजेत, माथ्यावर चंद्र-सूर्य आणि कलश. तळाच्या चौकटीत गाई असतील तर तो बहुधा गोधन राखताना पडलेला वीर. कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात असेल तर सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर गधेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेला तो शाप आहे. गावकरी लाजेनं असा दगड पालथा घालतात, पण लेख असण्याची शक्यता त्यावरच जास्त. अलिबागजवळच्या अक्षीचा सुप्रसिद्ध मराठी शिलालेख असाच गधेगाळावर आहे.

ऑइलपेंट लावू नका. हे हात जोडून सांगणं आहे. रंगाचा थर बसला की उथळ अक्षरं बुजतात, आणि तो खरवडताना दगडाचं अंगही जातं. वाळूचा मारा करून देऊळ 'स्वच्छ' करणं त्याहून वाईट. अक्षर दिसत नसेल तर खडू घासण्याऐवजी संध्याकाळी अंधारात या, बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं प्रकाश टाका. दुपारी सपाट दिसणारा दगड वाचता येऊ लागतो. ठसा घेणं जाणकारावर सोडा.

जागा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय काहीही करता येत नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

१५. शेतात नाणं सापडलं. किंमत काय येईल? आणि मोडी कागदात गुप्तधनाचा उल्लेख असतो का?

'श्री राजा शिव' आणि मागे 'छत्र पति' असलेली तांब्याची शिवराई पुष्कळ सापडते, कारण ती महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. चिंच-मीठ लावून घासू नका, अक्षरं जातात. कुठे सापडलं ते लिहून ठेवा. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

गुप्तधनाचा नकाशा म्हणून माझ्यासमोर आलेले कागद जमिनीची वाटणी, कर्जखतं किंवा पूजेचे मंत्र निघाले आहेत. या नादानं गडांवर आणि देवळांत खोदकामं होतात आणि शतकानुशतकं टिकलेली जोती एका रात्रीत उखडली जातात. असं कोणी करत असेल तर पोलिसांना कळवा.

१६. आमची वंशावळ आणि आडनावाचा उगम सांगाल का?

फक्त आडनावावरून नाही. घरातून सुरुवात करा : जमिनीच्या जुन्या नोंदी, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका. मग त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. यात्रेला गेलेल्या पूर्वजांनी गाव, वडील, भाऊ यांची नावं तिथे लिहून दिलेली असतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी समाजातले लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात आणि त्यांच्याकडेही वह्या असतात. वतनदार घर असेल तर महजर आणि निवाडे पाहा. वादात दोन्ही बाजूंना आपली पिढी सांगावी लागे. 'अमुक सरदाराचे वंशज' असं प्रमाणपत्र कुठलंही प्रामाणिक मंडळ देत नाही.

१७. जातीच्या दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या दाव्यासाठी मोडी नोंद हवी आहे. मंडळात मिळेल?

बहुधा नाही. त्यासाठी लागतात त्या नोंदी सरकारी दप्तरांत असतात : तहसीलमधला गाव नमुना १४ (कोतवाल बुक), शाळेचं जनरल रजिस्टर, भूमी अभिलेख कार्यालयातले कागद. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून ही विचारणा फार वाढली आहे. लिप्यंतर कोणाचं ग्राह्य धरलं जाईल हे अर्ज स्वीकारणाऱ्या कार्यालयातच आधी विचारा. आणि वाचणाऱ्याला 'जरा असं वाचा' असा आग्रह करू नका. जे अक्षर आहे तेच वाचलं जाईल.

१८. छापलेल्या कागदात आमच्या पूर्वजांबद्दल वाईट लिहिलंय. काढून टाकता येईल का?

अडीचशे वर्षांपूर्वीच्या कागदातून, नाही. फितुरी, भाऊबंदकी, जातीवरून केलेला अन्याय हे सगळं दप्तरात आहे आणि ते जसंच्या तसं छापणं हे मंडळाचं काम. त्याला उत्तर देणारा दुसरा कागद तुमच्याकडे असेल तर जरूर आणा, तोही छापला जातो. हयात माणसांशी किंवा त्यांच्या आई-वडिलांशी संबंधित दत्तक, आजार, कर्ज असल्या गोष्टी असतील तर मात्र थांबलं पाहिजे. दान देतानाच 'इतकी वर्षं खुलं करू नये' अशी अट लिहिता येते.

१९. गावाचा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेलं जिल्ह्याचं गॅझेटियर घ्या. राज्य गॅझेटियर विभागाची पुस्तकं ऑनलाइन फुकट वाचता येतात. इंग्रज अधिकाऱ्यांची नजर गृहीत धरूनच ते वाचा. त्यानंतर शिवारात जा. शेतांची आणि पाणवठ्यांची नावं, ग्रामदैवताचे मानकरी, जत्रेत पालखी कोणाच्या दारी थांबते, कोणाच्या नाही, वेशीबाहेरच्या वस्त्या, मोडलेली गढी, हे सगळं नकाशावर मांडा. दगडांसाठी क्र. १४, घरच्या कागदांसाठी क्र. ४ आणि ११. प्रत्येक विधानापुढे 'हे कशावरून' असं लिहायची सवय लावा. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं ही आख्यायिकाही लिहा, पण आख्यायिका म्हणून.

२०. आजीला पुष्कळ आठवतं, पण कागद काही नाही. त्याला इतिहास म्हणतात का?

म्हणतात. आजच रेकॉर्ड करा. तारीख, ठिकाण आणि परवानगी सुरुवातीलाच बोलून घ्या. 'तुमच्या वेळचं सांगा' असं मोघम विचारू नका. ७२ च्या दुष्काळात खडीच्या कामावर कोण कोण होतं, सुकडी कशी मिळायची, पाणी कुठून आणायचे, असं नेमकं विचारा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ज्या बायकांच्या सहीचा एक कागद कुठल्या दप्तरात नाही, त्यांचं माहेर, सासर, उपास, मरण सगळं त्या ओव्यांत आहे. रेकॉर्डिंग मंडळाला देताना बोलीतले शब्द 'शुद्ध' करू नका.

२१. आम्ही महाराष्ट्राबाहेर आहोत. आमच्या उपयोगाचं काही आहे का?

आहे. तंजावरच्या भोसल्यांचा कारभार मोडीत चालत असे आणि तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं व मोडी कागदांचा मोठा साठा आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा मोठा मराठी लेख कोरलेला आहे. गोव्यात पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज दप्तराबरोबर मराठी कागदही आहेत. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथे संस्थानी दप्तरं. परदेशात असाल आणि घरचे कागद बरोबर नेले असतील तर क्र. ६ प्रमाणे फोटो काढून मंडळाला पाठवा.

२२. आमच्या तालुक्यात मंडळ काढायचं आहे. नोंदणी कशी?

किमान सात जण, घटना, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात १८६० चा संस्था नोंदणी कायदा व १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा यांखाली नोंदणी. दर वर्षी हिशेब तपासणी आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, हे टाळू नका. पुष्कळ मंडळं पैशांवाचून नाही, याच कारणानं अडतात. घटनेत एक कलम आवर्जून घाला : मंडळ बंद पडलं तर संग्रह कोणत्या संस्थेकडे जाईल. जागेची घाई नको. पहिली दोन-तीन वर्षं फक्त नोंदी आणि छायांकन करा, महिन्याला एक टिपण वाचा. पुण्याच्या मंडळाचीही पाक्षिक सभांत छोटी टिपणं वाचण्याची जुनी रीत आहे.

२३. कागद सामाईक आहेत आणि चुलतभाऊ द्यायला तयार नाहीत. मी परस्पर दिले तर?

देऊ नका. मंडळानंही घेऊ नयेत. वारसांपैकी एकानं आणलेले कागद पुढे वादात सापडतात आणि मग ते कोणालाच दाखवता येत नाहीत. नकाराचं खरं कारण बहुधा जमिनीची भीती असते : कागद बाहेर गेला तर हक्क जाईल. तेव्हा मंडळाच्या माणसाला घरी बोलवा, सगळ्यांसमोर एक-दोन कागद वाचायला सांगा आणि छायांकन तिथेच, घरातल्या घरात करू द्या. फोटोंची एकेक प्रत प्रत्येक भावाला द्या, यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि मूळ गठ्ठा कोणाकडे राहील ते त्याच कागदावर लिहा. तरीही एखादा अडून बसला तर निदान यादी तरी करून ठेवा : किती कागद, साधारण कोणत्या काळातले, आज कोणाच्या ताब्यात.